पहिल्या स्कीइंगला निसेको नको

प्रश्न : आम्ही चौघं. मी ४३, नवरा ४७, मुलगा ११ आणि सासूबाई ७०. नवऱ्याच्या ऑफिसातला एक जण गेल्या हिवाळ्यात जपानला, निसेकोला जाऊन आला. कमरेएवढ्या बर्फातून सुसाट जातानाचे त्याचे व्हिडिओ पाहिल्यापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही. २६ डिसेंबर ते २ जानेवारी असं बुकिंग करायचं घाटतंय. आमच्यापैकी कुणीही आजवर स्की पायात घातलेली नाही. सासूबाई पक्क्या शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही, शिवाय गुडघे दुखतात. त्यांना एकटं ठेवून जायचं नाही हे मात्र माझं ठरलंय. उंचीवर त्यांना श्वासाचा त्रास होईल का? कपडे विकत घ्यायचे की तिथे मिळतात? खर्चाचा आकडा बघून पोटात गोळा येतो. आणि खरं सांगू, मला पडायची भयंकर भीती वाटते. हा सगळा वेडेपणा तर नाही ना?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : वेडेपणा नाही. पण जागा आणि तारखा, दोन्ही चुकल्यात. पैसे भरले नसतील तर हात आवरा, आणि भरले असतील तर रद्द करायची मुदत कधी संपते ते आज रात्रीच बघा.

आधी जागेबद्दल. सैबेरियावरून येणारे कोरडे, गारठलेले वारे जपानच्या समुद्रावरून येताना बाष्प पितात आणि पहिले डोंगर आडवे आले की तिथे ते सगळं बर्फ म्हणून टाकतात. निसेको नेमकं त्या वाऱ्यांच्या तोंडावर आहे. म्हणून तिथे इतका आणि इतका हलका, भुसभुशीत बर्फ पडतो. जगभरचे पट्टीचे स्कीपटू त्यासाठी येतात, आणि त्यांचं बरोबरच आहे. पण शिकाऊ माणसाला हाच बर्फ छळतो. त्यात स्की रुतते, वळत नाही. पडलात तर उठायला काठी टेकवावी तर काठीही आत जाते. पायातून निसटलेली स्की बर्फाखाली शोधत बसावी लागते. त्यामुळे कुठलीही शाळा नवशिक्याला या बर्फात नेतच नाही. तुमचे पहिले तीन दिवस यंत्रानं लोळवून सपाट केलेल्या, जेमतेम उताराच्या पट्ट्यावर जाणार. असा पट्टा जपानमधल्या बहुतेक स्की रिसॉर्टांत असतो. निसेकोत तोच पट्टा जपानमधल्या सगळ्यात महाग भावांपैकी एका भावानं मिळतो, एवढाच फरक. तुमच्या यजमानांच्या सहकाऱ्याला एक तर आधीपासून स्कीइंग येत असणार, नाही तर व्हिडिओतला माणूस तो नसणार.

शिवाय प्रवास बघा. मुंबईहून टोकियो, तिथून दुसरं विमान पकडून उत्तरेकडच्या होक्काइडो बेटावरचा न्यू चितोसे विमानतळ, आणि पुढे बसनं अडीच-तीन तास. गुडघे दुखणाऱ्या बाईंना घेऊन. पोचल्यावर बाहेर सतत बर्फ पडत असणार. जानेवारीत तिथे सूर्यदर्शन दुर्मीळच, आणि फुजीसारखा दिसणारा योतेई पर्वत ज्या फोटोंत असतो ते फोटो नशीबवानांचे. तुम्ही तिघं उतारावर असताना सासूबाईंनी खोलीच्या खिडकीतून पांढरं आभाळ बघत बसायचं, असा तो आठवडा होईल.

हेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. चौघांच्या सहलीत एक माणूस स्की करणार नसेल, तर जागा त्याच्याकडे बघून निवडावी. स्की करणाऱ्यांचा दिवस कुठेही छान जातो.

म्हणून माझा सल्ला : करुइझावा आणि मग हाकुबा.

करुइझावा टोकियोहून होकुरिकु शिन्कान्सेननं, म्हणजे बुलेट ट्रेननं, सव्वा तासाच्या आत येतं. स्टेशनाच्या दक्षिणेच्या दारातून बाहेर पडलं की समोर अवाढव्य खरेदी-संकुल आणि त्याच्या शेजारीच स्कीचे उतार. मध्ये बस नाही, टॅक्सी नाही, घाट नाही. हे गाव डोंगरांच्या आतल्या बाजूला असल्यानं इथे नैसर्गिक बर्फ कमी पडतो. उतारांवर यंत्रांनी बर्फ तयार करतात. म्हणून पट्टीचे लोक या जागेला नाक मुरडतात. त्यांना मुरडू दे. उन्हाचे दिवस भरपूर, उतार सौम्य, आणि समोर आसामा हा २,५६८ मीटर उंचीचा जिवंत ज्वालामुखी स्वच्छ दिसतो. मुलाला तेवढ्यानंच गप्प करता येईल. एक दोष मात्र सांगायला हवा : यंत्रानं केलेला बर्फ सकाळी टणक असतो, त्यावर पडलं की लागतं. तेव्हा पहिला वर्ग सकाळी साडेआठला न घेता दहानंतरचा घ्या.

इथे तीन रात्री. सासूबाईंना दुकानं फिरता येतील, काचेमागे बसून चहा घेत नातवाला पडताना बघता येईल, आणि कंटाळा आला तर खोली हाकेच्या अंतरावर.

मग शिन्कान्सेननंच अर्ध्या तासावर नागानो. इथे एक रात्र थांबा, आणि हा दिवस सासूबाईंचा समजा. झेन्कोजी हे तिथलं पुरातन बौद्ध मंदिर. मूळ मूर्ती कुणालाच दाखवत नाहीत. पण गाभाऱ्याच्या खालून एक वाट जाते, संपूर्ण काळोखी, स्वतःचा हात दिसत नाही अशी. भिंत चाचपत जायचं आणि मूर्तीच्या बरोबर खाली टांगलेली किल्ली हाताला लागली की पुण्य मिळालं. देवळांत रमणाऱ्या कुणालाही हे आवडावं. मात्र वाटेकडे उतरायला जिना आहे, तो गुडघ्यांना विचारून. मंदिराच्या रस्त्यावर ओयाकी मिळतात : कणकेच्या गोळ्यात सारण भरून भाजलेल्या किंवा वाफवलेल्या. लाल चवळीसारख्या आझुकीचं गोड सारण भरलेली ओयाकी म्हणजे जाडजूड पुरणपोळीच, तूप तेवढं वरून घ्यायचं राहिलं. पालेभाजीच्या सारणात कधी माशाचा अर्क असतो, म्हणून गोडाची किंवा भोपळ्याची विचारून घ्या.

बर्फात गरम पाण्यात बसलेल्या माकडांचे फोटो तुम्ही पाहिले असतील. ते जिगोकुदानीचं उद्यान नागानोहून बसनं जवळ आहे. पण बस उतरल्यावर जंगलातून दीडेक किलोमीटर बर्फाळ पायवाट आहे. तिघंच जा. सासूबाईंना त्या दिवशी झेन्कोजीच्या रस्त्यावर ओयाकी खात बसवा, त्या तुमच्याइतक्याच खूश असतील.

नागानोहून हाकुबाला बसनं सव्वा तासाच्या आसपास लागतो. १९९८च्या हिवाळी ऑलिंपिकमधल्या वेगाच्या शर्यती इथल्या हाप्पो-ओने डोंगरावर झाल्या. नाव प्रसिद्ध म्हणून तिथेच जाऊ नका, तो डोंगर चढा आहे. तुम्ही हाकुबा खोऱ्याच्या उत्तरेकडे त्सुगाइकेला जा. तिथे तळालाच शिकाऊ लोकांसाठी एक प्रचंड रुंद, सौम्य उतार आहे. वळायला जागा भरपूर आणि अंगावर येणारी गर्दी कमी. इथे खरा, आभाळातून पडलेला बर्फ मिळेल, आणि तोवर तुम्हाला तो वापरता येत असेल. तीन रात्री इथे, मग टोकियोला परत.

गरम पाण्याचे तेरा सार्वजनिक हौद असलेलं नोझावा ओन्सेन गाव तुम्हाला कुणीतरी सुचवेलच. गाव गोड आहे, पण गल्ल्या चढ-उताराच्या आणि त्यांवर बर्फ. सत्तरीतल्या गुडघ्यांना ते गाव नाही.

आणि हे सगळं ठरवण्याचा, शोधण्याचा जीव नसेल तर तिसरा मार्ग आहे. होक्काइडोत साहोरो आणि तोमामुला क्लब मेडची हॉटेलं आहेत. राहणं, तिन्ही वेळचं जेवण, उतारावर वर नेणाऱ्या लिफ्टचा पास, गटातली शिकवणी सगळं एका रकमेत येतं. रक्कम मोठी असते, भाड्याची साधनं बहुतेकदा वेगळी धरतात, आणि जपान पाहिल्यासारखं फारसं वाटत नाही. पण पानात रोज काय पडणार ही चिंता बुफेमुळे बरीच मिटते.

आता तारखा. २९ डिसेंबर ते ३ जानेवारी म्हणजे जपानी नववर्षाची सुट्टी. आपल्याकडे दिवाळीत एसटीची जी गत होते ती तिथे तेव्हा गाड्यांची, हॉटेलांची होते, भाडी वर्षातली सगळ्यात चढी. त्यात डिसेंबरअखेर खालच्या उतारांवर बर्फ पुरेसा असेलच असं नाही. जानेवारीत ऑस्ट्रेलियाच्या शाळांना उन्हाळी सुट्टी असल्यानं हाकुबा आणि निसेको त्या मंडळींनी भरलेलं असतं. फेब्रुवारीत चिनी नववर्ष येतं. तुमच्यासाठी त्यातल्या त्यात बरा काळ म्हणजे २६ जानेवारीला जोडून पुढचे आठ-नऊ दिवस. ऑस्ट्रेलियन मुलांच्या शाळा त्याच सुमाराला उघडतात, बर्फ भरपूर झालेला असतो. चिनी नववर्षाची तारीख दरवर्षी बदलते, कधी ते जानेवारीअखेरही येतं, ती तेवढी तपासा. मार्चचा पहिला आठवडा याहूनही छान, उबदार आणि स्वस्त, पण तेव्हा मुलाची परीक्षा आणि तुमचं रक्तदाब दोन्ही चढलेलं असेल. सहावीतल्या मुलाची जानेवारीतली आठवडाभर शाळा बुडाली तर काही बिघडत नाही. वर्गशिक्षिकेला आधी भेटून सांगा म्हणजे झालं.

आणखी एक. सोमवार ते गुरुवार स्कीवर, शनिवार-रविवार शहरात, अशी मांडणी करा. १९९०च्या दशकाच्या मानानं जपानमधले स्की करणारे खूप घटलेत. त्या तेजीत बांधलेल्या लिफ्ट आठवड्याच्या मधल्या दिवशी रिकाम्या फिरत असतात. शनिवारी मात्र अर्धं टोकियो करुइझावाला येतं.

श्वासाची काळजी सोडा. गुलमर्गचा गोंडोला माणसाला जवळजवळ चार हजार मीटरवर नेतो, त्यावरून आपल्या डोक्यात स्कीइंग म्हणजे विरळ हवा असं बसलंय. जपानचे स्की डोंगर बुटके आहेत. निसेको-आन्नुपुरीचा माथाच १,३०८ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा कमी. करुइझावा गाव हजारेक मीटरवर आहे. सासूबाई महाबळेश्वरला जाऊन आल्या असतील तर इथेही त्यांचा श्वास नीट चालेल. धोका आहे तो घसरण्याचा. बुटांच्या तळाला अडकवायचे रबरी काटे बर्फाळ गावांतल्या दुकानांत मिळतात. पहिल्याच दिवशी घ्या.

जेवण हा सगळ्यात अवघड भाग आहे, गोड बोलून तो सोपा होत नाही. जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे दाशी, आणि ती बहुधा वाळवलेल्या बोनितो माशाची. मिसो सूप, उदोनचा रस्सा, शिजवलेल्या भाज्या, सगळ्यात ती असते. मासा डोळ्यांना दिसत नाही म्हणून वाढणाऱ्यालाही त्यात मासा आहे असं वाटत नाही. उतारावरच्या उपाहारगृहांत कत्सु-करी म्हणजे डुकराचं मांस, रामेनमध्ये तेच, आणि साध्या करीच्या रश्श्यातही मांसाचा अर्क असतो. बटाट्याच्या काड्या आणि पांढरा भात, यावर दुपार काढायची तयारी ठेवा. करुइझावा आणि नागानोसारख्या ठिकाणी भारतीय उपाहारगृह सापडतं. ते बहुधा नेपाळी माणूस चालवत असतो आणि हिंदीत विचारलं की तोही खुलतो. हाकुबात स्वयंपाकघर असलेली खोली घ्या, हॉटेल नको. झटपट खिचडी, उपमा, पोहे, मेतकूट, लोणचं, लसणीची नसलेली चटणी असं पाकीटबंद सामान न्या. ताजी फळं, भाज्या आणि कढीपत्ता नेऊ नका, विमानतळावर काढून घेतील. मांसाहार, कांदा, अंडं, माशाचा रस्सा काय काय चालत नाही हे जपानीत लिहिलेला कागद फोनमध्ये आणि छापून, दोन्ही ठेवा. नुसतं शाकाहारी म्हटलं तर मांसाचे तुकडे बाजूला काढून तोच रस्सा समोर येऊ शकतो.

औषधांबद्दल सावध राहा. नाक मोकळं करणाऱ्या काही गोळ्यांत स्युडोएफेड्रिन असतं. ते दहा टक्क्यांहून जास्त असलेली औषधं जपानमध्ये नेता येत नाहीत, कोडिनच्या औषधांवरही बंधनं आहेत. सासूबाईंच्या गोळ्यांची यादी डॉक्टरांकडून इंग्रजीत लिहून घ्या.

कपड्यांत पैसे घालू नका. वरचं जाकीट, विजार, बूट, स्की, काठ्या, हेल्मेट सगळं भाड्यानं मिळतं. सासूबाईंना फक्त उबदार कोट आणि न घसरणारे बूट लागतील. हातमोजे आणि गॉगल मात्र काही ठिकाणी भाड्यानं देत नाहीत, ते इथूनच डेकॅथलॉनमधून न्या. आतून लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे कपडे घाला. सुती बनियन घामानं भिजतं आणि थांबलात की अंग गार पाडतं. पायांत एकच मोजा, गुडघ्यापर्यंत लांब. दोन मोजे घातले की थंडी कमी वाजेल असं वाटतं, प्रत्यक्षात रक्त अडून पाय बधिर होतो. गळ्याभोवती मोकळा मफलर नको, लिफ्टमध्ये अडकतो. माकडटोपी हेल्मेटखाली बसत नाही, ती सासूबाईंना द्या.

पैशांचं ढोबळ गणित असं : येन म्हणजे अर्ध्या रुपयाहून थोडं जास्त. मोठ्या ठिकाणी लिफ्टचा दिवसाचा पास सहा ते दहा हजार येन, काही ठिकाणी त्याहून वर. पहिल्या दिवशी तो घेऊच नका. तुम्ही उभ्याउभ्या वर नेणाऱ्या सरकत्या पट्ट्यावरच असणार, त्याला फुटकळ तिकीट पुरतं. साधनं आणि कपडे धरून माणशी सात-दहा हजार येन रोज. खासगी शिक्षक दिवसभर घेतला तर ५० हजार येन सहज ओलांडतात, पण तोच तिघांत वाटून घेतला तर गटाच्या वर्गाच्या जवळपास पडतो आणि इंग्रजी बोलणारा मिळतो. इंग्रजीचे शिक्षक कमी असतात, विमानाच्या तिकिटाच्या आधी त्यांची वेळ पक्की करा. देशभरचा जपान रेल पास घेऊ नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा पास २९,६५० वरून ५०,००० येन झाला, एवढ्याशा प्रवासाला तो वसूल होत नाही. बॅगा एका हॉटेलातून दुसऱ्याला पाठवणारी सेवा आहे, तिला ताक्युबिन म्हणतात. काळ्या मांजरीची खूण दिसेल. तिचे पैसे मात्र खुशाल द्या. शिन्कान्सेनच्या जिन्यांवर चार मोठ्या बॅगा आणि सासूबाई एकदम सांभाळता येणार नाहीत.

विमा घेताना हिवाळी खेळ त्यात धरलेत का हे लेखी विचारा. नेहमीच्या प्रवास विम्यात ते बहुधा नसतात. व्हिसाचा अर्ज व्हीएफएस या अर्ज घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रातून होतो आणि पर्यटक व्हिसा मिळाल्यापासून तीन महिन्यांत वापरावा लागतो. म्हणून जानेवारीअखेरच्या सहलीसाठी डिसेंबरच्या सुरुवातीला अर्ज करा, त्याआधी घाई नको. हॉटेलं मात्र आताच, फुकट रद्द होणारी.

राहिली तुमची भीती. १९११च्या जानेवारीत ऑस्ट्रिया-हंगेरीच्या थिओडोर फॉन लेर्ख नावाच्या मेजरनं निईगातातल्या ताकादाला जपानी सैनिकांना स्कीइंग शिकवलं, हातात एकच लांब काठी देऊन. तेही पडले असणारच, दुसरं काय होणार होतं? पहिल्या दिवशी सगळे पडतात. सपाटीवर, जवळजवळ उभ्याउभ्या पडतात. त्याचं भय वाटतं ते पडण्याआधीपर्यंत. शिक्षक तुम्हाला मुद्दाम पडायला आणि उठायला आधी शिकवेल : तोल गेला की डोंगराच्या बाजूला, कुशीवर बसायचं, हात मागे टेकायचे नाहीत. मग स्कीची टोकं आत वळवून त्रिकोण करत थांबायला शिकवेल. थांबता आलं की निम्मी भीती जाते, कारण भीती पडण्याची नसते, न थांबण्याची असते.

दोन पथ्यं पाळा. यजमानांकडून शिकू नका. ते ट्रेकर असतील, सिंहगड दर रविवारी चढत असतील, तरी त्यांनाही वर्गात बसवा. आणि मुलगा दुसऱ्या दिवशी तुमच्या पुढे जाईल, त्याच्याशी बरोबरी करू नका. तयारी म्हणून आतापासून सिंहगड चढा, पण खरा व्यायाम उतरताना होतो. मांड्यांच्या पुढच्या स्नायूंवर उतारावर जो ताण येतो तोच स्कीवर दिवसभर येतो. बसने खाली येऊ नका.

तिथे हिरवी पाटी म्हणजे सोपा उतार, लाल मध्यम, काळी अवघड. दोरी लावलेली असेल तिच्यापलीकडे कुणीही, विशेषतः यजमानांनी, जायचं नाही. झाडांच्या बुंध्याभोवती मोकळा बर्फ विहिरीसारखा पोकळ असतो, त्यात माणूस डोक्यावर पडला तर स्वतःहून निघत नाही.

आणि भाड्याच्या दुकानात फॉर्म भरताना उंची, वजन, वय आणि बुटाचा सेंटिमीटरमधला आकार विचारतात. वजन खरं लिहा. पडल्यावर स्की पायातून सुटणारा खटका किती घट्ट बसवायचा हे त्यावरून ठरवतात. पाच किलो कमी लिहिलंत तर खटका सैल बसेल आणि स्की नको तिथे सुटेल. फॉर्म बऱ्याचदा जपानीत असतो, यजमान वाचणार नाहीत.